सहली दोन, बिल एक

ताई,
मी नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहते, वय ४१. येत्या जानेवारीत ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डच्या मॅरेथॉन वीकेंडला डोपी चॅलेंज करणार आहे, म्हणजे लागोपाठ चार दिवस चार शर्यती. गुरुवारी ५ के (पाच किलोमीटर), शुक्रवारी १० के, शनिवारी हाफ मॅरेथॉन, रविवारी फुल. दीड वर्षं तयारी चाललीय. ५ केला नवरा आणि दहा वर्षांचा मुलगाही आहेत. सोबत सहा वर्षांची मुलगी आणि दिंडोरीहून आलेल्या सासूबाई. त्यांची ही पहिलीच अमेरिका. एवढा खर्च करून, मुलांची शाळा बुडवून आठ दिवस जातोय, तर चारही पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम) व्हायलाच हवेत असं सगळ्यांचं म्हणणं. मी एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं (सोबत जोडलंय). रोज पहाटे शर्यत, दहाला पार्क, रात्री फटाके बघून परत. नवऱ्याने ते बघितलं आणि एवढंच विचारलं, “ही सहल तुझी की आमची?” तेव्हापासून घरात कुणी त्या विषयावर बोलत नाही. मुलगी मात्र रोज विचारते, “आई, राजवाड्यात तू पण येणार ना?” डोपी सोडून नुसती हाफ करू का? की वेळापत्रकच अजून नीट बसवू?
– एक्सेलवाली आई

प्रिय एक्सेलवाली,

तुझं वेळापत्रक दोनदा वाचलं. नाश्त्याला रकाना आहे, फोटोंना आहे, टोप्या विकत घ्यायलाही अर्धा तास आहे. झोपेला रकानाच नाही.

आता तुझ्याच आकड्यांवर हिशोब करू. शर्यत पहाटे पाचला सुटते. हॉटेलांवरून बस अडीचच्या सुमारास सुरू होतात आणि चारपर्यंत पोचा असं आयोजक बजावतात, कारण बॅग तपासणी, शौचालयाची रांग आणि मग आपल्या कोरलपर्यंतची, म्हणजे सुटण्याआधी उभं राहायच्या कप्प्यापर्यंतची चाल यात तास कुठे जातो कळत नाही. म्हणजे उठायचं दोनला. सात तास झोप हवी तर संध्याकाळी सातला दिवा बंद. आणि तू रोज फटाके बघून परतणार. बसच्या रांगेतून खोलीवर, मुलीला झोपवून, बिब (छातीवरचा शर्यतीचा नंबर) टाचून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा. तीन तासांची झोप, लागोपाठ चार रात्री, आणि शेवटच्या पहाटे बेचाळीस किलोमीटर. हे वेळापत्रक आणखी नीट बसवता येणार नाही. ते फाडावंच लागेल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पाय भाजून घेतलेत म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी मी तिथे गूफी केली होती, म्हणजे शनिवारी हाफ आणि रविवारी फुल. हाफ छान झाली, साडेनऊला खोलीवर आले. मुलं चपला घालून दारात उभी. त्यांचे चेहरे बघितले आणि म्हटलं, चला, ॲनिमल किंगडमला जाऊ, नुसतं चालायचंच तर आहे. रात्री घड्याळात चोवीस हजार पावलं. त्यातली निम्मी तर पावलंसुद्धा नव्हती, रांगेत या पायावरून त्या पायावर केलेला तोल होता. रांगेत उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट, हे तिथे जाऊन आलेला कुणीही सांगेल. पोटऱ्या भरून येतात आणि बसायला कठडाही नसतो.

रविवारी विसाव्या मैलापर्यंत निभावलं. मग एका उड्डाणपुलाच्या चढावर मांडी अशी धरली की पाय लाकडाचा झाला. कठड्याला टेकून पाय ताणताना मागे नजर गेली, तर लांबवर दोन-तीन फुगे हलत होते. तुला माहीत असेल, शेवटच्या धावकाच्या मागून एका मैलाला सोळा मिनिटं या गतीने काही बाया अंगाला फुगे बांधून चालतात. त्या तुझ्यापुढे गेल्या की तुला कधीही शर्यतीतून काढून बसमध्ये बसवलं जाऊ शकतं. बाया अतिशय गोड आहेत, हसत असतात. पण ते फुगे दिसल्यावर माझ्या पोटात जे झालं ते भूताच्या गोष्टीत होतं तसं होतं. पदक मिळालं, पण पुढचे सहा मैल मी फक्त ॲनिमल किंगडमच्या रांगा आठवत होते.

तेव्हा मला कुणी तुझ्या नवऱ्याचा प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं. तो टोमणा आहे असं तुला वाटलं. मला तो चांगला प्रश्न वाटतो, फक्त ‘की’ चुकीचा आहे. या दोन सहली आहेत आणि बिल एकच येणार आहे. बुधवार ते रविवार तुझी, सोमवार ते बुधवार त्यांची. एकीत दुसरी कोंबायला गेलीस की दोन्ही नासतात. तुझ्या तक्त्यात प्रत्येक शर्यतीपुढे एक पार्क आहे. एवढे तास घरच्यांना सोडून धावतेय, याची भरपाई म्हणून तू दुपारी चालणार आहेस. त्यांनी ती मागितली आहे का? मला तरी पत्रात दिसली नाही. मुलगीसुद्धा ‘सगळीकडे ये’ म्हणत नाहीये, एका राजवाड्याचं विचारतेय.

डोपी सोडू नकोस. नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत, बिब दुसऱ्याला देता येत नाही, हे एक. आणि दीड वर्षं पहाटे उठून केलेलं काम घरातल्या अबोल्यापोटी सोडलंस तर तो अबोला वर्षभर चालेल, हे दुसरं.

तिकिटापासून सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ ‘तिकीट काढलंय तर वसूल करा’ यातून होतो. तिथलं चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवस वापरावं लागत नाही. पहिल्या दिवसापासून सात दिवसांत कधीही वापरा. गुरुवारी पहिला दिवस धरला तर पुढचा बुधवार हा सातवा. गुरुवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. चार दिवस, चार पार्क, तिकीट वसूल, आणि मध्ये शुक्रवार-शनिवार-रविवार मोकळे. एका दिवसात दोन पार्क करायचं महागडं तिकीट घेऊच नका.

बुधवारी एक्स्पो, म्हणजे बिब वाटपाचा मेळावा. बिब स्वतः जाऊन घ्यावा लागतो आणि गुरुवारी पहाटेच शर्यत आहे, त्यामुळे बुधवार चुकवून चालणार नाही. नवरा-मुलाचे बिबही तिथेच. तिघांनी जा, पण सासूबाईंना आणि धाकटीला तिथे ओढू नका. तिथे टी-शर्ट आणि पिनांच्या रांगा लागतात, बाकी बघण्यासारखं काही नाही.

गुरुवारची ५ के तुमची घरची शर्यत आहे, तिला शर्यत म्हणूच नका. मुलाच्या वेगाने चालत-पळत जा. वाटेत उभ्या मिकी-गूफीच्या जोडीला फोटोसाठी थांबायची हौस इथे फेडून घे. शुक्रवारीही थोडी. शनिवारपासून प्रत्येक फोटोची रांग म्हणजे पाच-सात मिनिटं आणि थंड पडलेले स्नायू. साडेसातपर्यंत खोलीवर. अंघोळ, खाणं, पडदे ओढून एकपर्यंत झोप. तुझा नवरा आणि मुलगाही झोपतील, बघ.

मग दुपारी दोनला एपकॉट. शर्यतींच्या दिवसांतला हा एकमेव पार्क आणि तोही सासूबाईंसाठी. बाई दिंडोरीच्या, पत्रात लिहिलं नाहीस पण घरी द्राक्षबाग असणार. जानेवारीत हंगाम तोंडावर असताना बाग सोडून नातवंडांकडे येणं म्हणजे काय, हे नाशिककडच्याला विचार. त्यांना राजकन्या आणि रोलर कोस्टरपेक्षा एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड नावाची होडी दाखव. जेमतेम पंधरा मिनिटांची फेरी आहे, सगळी बसून. आधी थोडं नाटकी वादळ, वाळवंट वगैरे, ते जाऊ दे. मग होडी खऱ्या काचघरांत शिरते. मातीशिवाय पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, वाळूत लावलेली झाडं, माशांच्या टाक्या, आणि टोमॅटोचा वेल मांडवावर चढवून वरून लोंबणारे घड. मी माझ्या वडिलांना नेलं होतं. ते होडीतून अर्धे बाहेर वाकून ठिबकच्या नळ्या मोजत होते आणि उतरल्यावर म्हणाले, “परत बसू.” आम्ही तीनदा बसलो. सासूबाईंचे गुडघे बोलत असतील तर दारातच चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. संकोच करतील, पण घ्याच.

पाचला तू निघ. एकटी. बाकीचे थांबू देत. तलावाभोवती अकरा देशांचे मंडप आहेत, त्यांची फेरी दोन किलोमीटरच्या आसपास होते. ती त्यांनी करावी, खावं, रात्रीचे फटाके बघावेत. (त्या अकरांत भारत नाही. सासूबाई विचारतील, उत्तर तयार ठेवा.) तू साडेपाचला बसमध्ये, सातला अंथरुणात. पार्कच्या दारातून उजेड असताना एकटीने बाहेर पडणं हे सगळ्या वीकेंडमधलं सर्वांत अवघड काम आहे. मुलगी रडेल कदाचित. तिला आधी सांगून ठेव, की आई पाचला जाणार आणि सोमवारी दिवसभर तुझी.

शुक्रवारी १० के झाली की तुझ्यासाठी काहीच नाही. त्यांच्यासाठी फुकटातलं पुष्कळ आहे. मोनोरेलला तिकीट लागत नाही, डिस्ने स्प्रिंग्जच्या बाजारात शिरायला पैसे पडत नाहीत, हॉटेलांच्या दिवाणखान्यांतून नुसतं हिंडता येतं. तरणतलाव तर आहेच, आणि मुलांना खरं म्हणजे तोच हवा असतो. आपण मोठी माणसं तिकिटाचा हिशोब करत त्यांना बाहेर ओढतो.

शनिवारी तुझी परीक्षा आहे, हाफमध्ये नव्हे, हाफनंतर. सकाळी नऊला परत येशील तेव्हा अंगात वारं भरलेलं असेल. मॅजिक किंगडममधल्या राजवाड्यातून धावत आलेली असशील, तिथल्या मेन स्ट्रीटवरचे दिवे डोळ्यांत असतील, वाटेल आज काहीही जमेल. तेव्हा माझ्या चोवीस हजार पावलांची आठवण काढ. पाय भिंतीला वर टेकवून झोप, मुलीला शेजारी घे आणि तिला रंगवायला काहीतरी दे. दुपारी चारला जेवण, साधंच. भात, दही, बटाटा, जे लाँग रनच्या आदल्या दिवशी खात आलीस तेच. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देतात, काचेची भांडी तेवढी चालत नाहीत. त्यामुळे सासूबाईंनी केलेल्या दशम्या बिनधास्त ने. मात्र शर्यतीआधी नवं काही नको, मग ते कितीही प्रेमाने केलेलं असो.

पाच जणांची एक खोली असेल तर रात्री न्हाणीघरालाच तुझी खोली कर. कपडे, बूट, केळं, सगळं आत. दोनला गजर मनगटावर थरथरणारा लाव. चार पहाटे सगळं घर उठवलंस तर रविवारी तुझ्याइतकेच तेही दमलेले असतील आणि त्यांच्याकडे तर तुझ्याइतकी पदकंही नसतील.

हवेचं सांगून ठेवते. ऑरलँडोच्या जानेवारीत पहाटे चार-पाच अंश आणि दुपारी पंचवीस, हे एकाच दिवशी होऊ शकतं. कोरलमध्ये दीड तास उभं राहायचंय, तेव्हा टाकून देण्याजोगा जुना स्वेटर घालून जा. सुटताना बाजूला टाकायचा, ते गोळा करून दान करतात. मी नवऱ्याचा लग्नाआधीचा, कोपर फाटलेला स्वेटर घालून गेले होते. वीस वर्षांत जो टाकू दिला नव्हता तो अखेर असा गेला. आणि आभाळावर कुणाचा हात नाही. २०१७ साली विजांमुळे हाफच रद्द झाली होती. तेव्हा कित्येकांनी आपापल्या हॉटेलभोवती पावसात फेऱ्या मारून तेरा मैल पुरे केले. तू तसलं काही करू नकोस, शनिवारी सुट्टी मिळाली तर झोप काढ.

अंग दुखतंय म्हणून दोन शर्यतींच्या मध्ये आयब्युप्रोफेन घेत राहण्याची तिथे फार सवय दिसते. लांब पल्ला, घाम आणि त्यात ते औषध, याचा ताण मूत्रपिंडावर येतो. काही घ्यायचंच असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचार.

रविवारी घरच्यांना पहाटे तीनला उठवू नकोस. फुलचा मार्ग चारही पार्कांतून जातो आणि शेवटी हॉलिवूड स्टुडिओजमधून बाहेर पडून बोर्डवॉक या तळ्याकाठच्या फिरायच्या वाटेने एपकॉटकडे वळतो. म्हणजे पंचविसाव्या मैलाच्या आसपास तू बोर्डवॉकला येशील. तिथे बाकं आहेत, कॉफी आहे, शौचालय आहे, तळ्याकाठी ऊन आहे. त्यांनी आरामात उठून, खाऊन तिथे येऊन बसावं. शेवटच्या रेषेवर गर्दीत टाचा उंचावून शोधण्यापेक्षा इथे तू त्यांना स्पष्ट दिसशील. तुलाही ज्या मैलाला कुणी हवं असतं तो हाच मैल. फोनवर तुझी जागा कळत राहते, ते काम मुलाकडे दे. दहा वर्षांच्या मुलाला असली जबाबदारी फार आवडते.

रविवारी संध्याकाळी शिजवलेलं, बसून, गरम खायला घाल त्यांना. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये सना म्हणून हॉटेल आहे, तिथे नान, कुलचे, पराठे आणि चटण्यांचं ताट मिळतं आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. साठ दिवस आधी जागा धरता येते, पाचची धर. बिल तू दे आणि तेव्हा नवऱ्याला सांग, की तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: आजपर्यंत माझी होती, उद्यापासून तुमची. मला वाटतं हे जाण्याआधीच, याच आठवड्यात, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलंस तर आणखी बरं. त्याला नवं वेळापत्रक दाखव आणि सोमवार ते बुधवारचे रकाने कोरे ठेव. ते त्याने आणि मुलांनी भरू देत. तिथे तुझा हात चालवू नकोस, एक्सेलवाली.

लायटनिंग लेनवर, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेवर, पैसे टाकायचे ते याच तीन दिवसांत. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधीपासून ते धरता येतं. तुझ्या पायांना रांग झेपणार नाही आणि उतरताना जिने उलटे उतरशील, ते आत्ताच गृहीत धर. सोमवारी मॅजिक किंगडम. त्या दिवशी सगळा पार्क पदकं घालून लंगडणाऱ्या माणसांनी भरलेला असतो, तुझी सहा पदकं (चार शर्यतींची चार, गूफी आणि डोपीचं एकेक) घालायला लाजू नकोस. गळ्यात जड होतील तेव्हा मुलीला दे. ती राजवाड्यात ती छणछण वाजवत जाईल. मधून मधून पीपलमूव्हर नावाच्या उघड्या गाडीत बसा, दहा मिनिटं वाऱ्यावर फिरवते. कॅरसेल ऑफ प्रोग्रेसच्या फिरत्या नाट्यगृहात तर वीस मिनिटं थंडगार अंधार आहे, मी तिथे घोरले होते. मोठ्या पाळण्यांना धाकटी उंचीत बसत नसेल तर तिथल्या माणसाला रायडर स्विच मागा. नवरा आणि मुलगा आधी जातील, मग रांग न लावता तू मुलासोबत. किंवा तू जाऊच नकोस, बाकावर बस.

आणि एक. हा वीकेंड संक्रांतीच्या तोंडावर येतो. सासूबाईंना रविवारी बोर्डवॉकवर नुसतं बसवू नकोस, त्यांच्याकडे काम दे. पंचविसाव्या मैलाला तुझ्या हातात तिळगुळाचा तुकडा ठेवायचा. लाँग रनच्या शेवटी दोन-तीनदा खाऊन बघ, पोटाला मानवतो का ते. त्यांना सांग, लाडू किंवा चिक्की नको, धावताना दाताला बसते. मऊ वडीच करा, आणि सुपारीएवढीच.

– तुझी, ताई